ओल्या कपड्यांची सहल

कपडा वाळलाय की नाही, यावर माझ्या मावशीशी वाद घालायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही. ती शिवणीजवळ दोन बोटांत कापड धरते, क्षणभर दुसरीकडेच कुठेतरी बघते आणि निकाल देते. "वाळलं." किंवा "नाही." मधलं काही नाही. एकदा एक नवरामुलगा स्वतःच्याच लग्नाचा शर्ट न्यायला आला होता. बाहेर गाडी सुरू, आत मित्रांची हाकाटी. मावशीनं कॉलर चाचपली आणि म्हणाली, "नाही."

"मावशी, जरा दमट असला तरी चालेल हो मला."

"तुला चालेल. मला नाही चालत."

बिचारा दुकानातल्या स्टुलावर बनियनवर बसून राहिला. लग्न उशिरा लागलं. पण शर्ट बाकी कडक होता, हे मुलीकडच्यांनीही मान्य केलं.

मावशीची लाँड्री म्हणजे तळमजल्यावरचा एक लांबट गाळा. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागे तिची राहायची खोली. या गाळ्यात ऊन कधी फिरकत नाही आणि आमच्या गावात ते फारसं कुठेच फिरकत नाही. वर्षातला बराच काळ आभाळ नाकावर बसल्यासारखं खाली आलेलं असतं. दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर सकाळपेक्षा जड लागतो. म्हणून मावशीनं कपडे वाळवायचं एक जुनं यंत्र घेतलं होतं. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं 'जावई', कारण ते खायचं पुष्कळ, काम मनात येईल तेव्हाच करायचं आणि त्याला कुणी काही बोललेलं चालायचं नाही.

दुकानाच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, माझी आई. दोघी सख्ख्या बहिणी. मावशीनं लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही असं ती सांगते आणि पुढचं कुणी विचारत नाही. आईचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तिनं खिडकीला दोरी बांधून एक टोपली खाली सोडली होती. त्या टोपलीतून वर्तमानपत्र खाली जायचं, इस्त्रीचे कपडे वर यायचे, चहाचा थर्मास जायचा-यायचा आणि कधीकधी रुसवेही. भांडण झालं की आई रिकामी टोपली खाली सोडायची. मावशी ती तशीच रिकामी वर पाठवायची. दुपारपर्यंत कुणीतरी तिच्यात काहीतरी ठेवायचंच.

तर या मावशीला वाळवंट बघायचं होतं.

ते खूळ एका कॅलेंडरमधून आलं. तांबड्या डोंगरांच्या कुशीत एक लहानसं गाव, पांढरी घरं, वाळूच्या टेकड्या, आणि वसंतात चारच दिवस येणारी पिवळी फुलं. आईला फुलं आवडली. मावशीनं चष्मा लावून चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं कुण्या घराच्या अंगणात दोरीवर कपडे घातलेले होते.

"बघ, कसे हलके दिसताहेत," ती म्हणाली. "ताई, इथं जायचं."

तेव्हापासून दर वसंतात जायचं ठरायचं आणि दर वसंतात मोडायचं. ठरवायचं काम माझ्याकडे. मी एका दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावते. दाढ ठणकणाऱ्या माणसालाही मी शिस्तीत गुरुवारवर ढकलू शकते, पण मावशीपुढे मी हात टेकले. एका वर्षी कुठल्याशा हॉटेलचे पडदे ऐन वेळी आले. पुढच्या वर्षी लोकरीची पांघरुणं. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या नाटकाचे पोशाख, तेही नाटक चिखलात झालेलं. "लोकांचे कपडे ओले टाकून मी जाणार नाही," एवढं एकच वाक्य. आई वरून म्हणायची, "राहू दे गं, पुढच्या वर्षी जाऊ." आणि मी फोन करून खोल्या सोडायची. मनातल्या मनात काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यंदा मात्र पुढचं वर्ष नव्हतं. माझ्या दादाला जुळी झाली होती. त्याचं घर दूर, पार दुसऱ्या टोकाला. पण तळमजल्यावरचं, जिना नसलेलं, पुढे बाग असलेलं. आईनं तिकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. ठरवलं तिनंच, आणि आनंदानं ठरवलं. नातवंडांचे फोटो ती टोपलीतून मावशीला पाठवायची. मावशी ते बघून, "बाळं गोड आहेत, पण दुपटी नीट वाळलेली नाहीत," असा निरोप वर द्यायची. दोघींपैकी एकीनंही जाण्याबद्दल याहून जास्त काही बोललेलं मी ऐकलं नाही. फक्त एक दिवस आई मला म्हणाली, "या खेपेला तिला घेऊन चल बाई. नाहीतर राहिलंच ते."

मी कंबर कसली. दवाखान्यातून रजा घेतली, गाडी दुरुस्त करून आणली, त्या गावातल्या एका गेस्ट हाउसच्या मालकाला फोन लावला. मी जेवणाखाण्याचं विचारत होते तेवढ्यात मावशीनं फोन हिसकावला.

"अहो, तुमच्याकडे दोरी बांधायला जागा आहे का?"

"अंगण आहे, दोन खांब आहेत," पलीकडचा म्हणाला. "दोरी तुमची आणा."

"आणि ऊन किती वाजता येतं?"

"येतं म्हणजे? बाई, ते इथंच असतं."

मावशीनं फोन माझ्या हातात दिला. "इथंच घे खोली."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जावयानं मान टाकली. एक घरघर, एक धक्का आणि गप्प. मेकॅनिकनं त्याच्या पोटात डोकं घालून बघितलं आणि सांगितलं की जो भाग जळलाय तो मागवावा लागेल, आठवडा जाईल. यंत्रात आणि यंत्राबाहेर मिळून अख्ख्या गल्लीचे धुतलेले कपडे ओलेचिंब. बाहेर बारीक पाऊस. मी चौकातल्या मोठ्या लाँड्रीचं नाव काढलं, तर मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची किडनी विकायचा विषय काढलाय.

"त्यांच्या हातात मी पायपुसणंसुद्धा देणार नाही. तुम्ही दोघी जाऊन या."

आता माझा पारा चढला. मी तोंड उघडणार इतक्यात जिन्यात पावलं वाजली. आई उतरत होती. गुडघे धरत, कठड्याला लोंबकळत, एक-एक पायरी. कित्येक दिवसांत ती स्वतःच्या पायांनी खाली आली नव्हती. दारात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर.

"धाकटे," ती म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात चाललेय. तुला कळतंय का ते? नसेल सोडवत तर ही ओली बोचकी बांध आणि घे बरोबर. पण गाडीत बस."

हे ती रागानं बोलली होती. मावशीनं एका चादरीची कड दोन बोटांत धरली, क्षणभर दुसरीकडे बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

मी कपाळाला हात लावला. पण एकदा ठरल्यावर मावशीचं काम चोख. ती छत्री घेऊन घरोघर फिरली आणि प्रत्येकाला तोंडावर सांगून आली, "तुमचे कपडे सहलीला चाललेत, चार दिवसांनी येतील." माझे डॉक्टर त्यांच्या पांढऱ्या कोटांचा फोटो पाठवा म्हणाले. बेकरीवाला हसून म्हणाला, "माझे ॲप्रन तरी जाऊन येऊ देत कुठेतरी. मला कोण सोडतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मागच्या सीटवर बोचक्यांचा डोंगर आणि त्याला टेकून मावशी. पुढे माझ्याशेजारी आई, मांडीवर एक पिशवी. गाडीत इतका ओलावा की काचा आतून धुरकटल्या. मी फडक्यानं काच पुसत चालवत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. शेवटी मावशी म्हणाली, "घड्याळबाई, पुढे बघ. बोलणं मागे ऐकू येतंय." लहानपणापासून तिनं मला पाडलेलं नाव आहे हे.

दुपारनंतर आभाळ वर-वर जायला लागलं. झाडं कमी झाली, रस्ता सरळ झाला, आणि मग ऊन आलं. नुसतं आलं नाही, मांडी घालून बसलं. मावशीनं काच खाली केली, हात बाहेर काढला, हवा दोन बोटांत धरून बघितली. मग डॉक्टरांच्या कोटाची एक बाही बाहेर सोडली. समोरून येणारे ट्रकवाले त्या बाहीला हात करत होते. आईला एवढं हसू आलं की तिला पाणी पाजावं लागलं.

गेस्ट हाउसचा मालक दारातच उभा होता. फुलं बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात, दुर्बिणी घेऊन येतात. बोचकी घेऊन आलेलं त्यानं कुणी पाहिलं नव्हतं. तांबडे डोंगर अगदी अंगणाच्या भिंतीमागे होते. मावशीनं तिकडे ढुंकून बघितलं नाही. ती दोन खांबांमधलं अंतर बघत होती. दुकानातली दोरी ती विसरली होती. सगळी गल्ली आठवणीनं आणली आणि दोरी विसरली.

आईनं मांडीवरची पिशवी उघडली. तिच्यात टोपलीची दोरी होती.

"सोडून आणली खिडकीची," आई म्हणाली. "तिकडे मला काय करायचीय? जिनाच नाही."

मावशीनं दोरी घेतली आणि खांबांना बांधली. गाठ मात्र तिला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.

मग त्या दोघींनी कपडे घातले. आई खुर्चीत बसून एकेक झटकून द्यायची, मावशी टाकायची. कोट, ॲप्रन, शाळेच्या शिक्षिकेचे सदरे, कुणाच्या उशांचे अभ्रे. अर्ध्यावर आल्या आणि मावशी थबकली. सुरुवातीचा कोट तिनं चाचपला, पुन्हा चाचपला.

"वाळलं," ती म्हणाली. आवाज कसातरीच झाला होता तिचा. उभा जन्म जी बाई कपडे वाळायची वाट बघत आली, तिच्यासाठी तिथं वाट बघायचं कामच उरलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आत अख्खी गल्ली घडी होऊन बोचक्यात परत गेली. मावशी अंगणात नुसती उभी. रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला सुचेना. शेवटी आईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "चल, आता फुलं."

पुढचे दोन दिवस आम्ही फुलंच बघितली. वाळूवर पिवळा शिडकावा, पावलोपावली. आईच्या गुडघ्यांना वाळू मऊ लागत होती, ती आमच्यापेक्षा पुढे चालायची. मी दोघींचे फोटो काढले. सगळ्यांत मावशी फुलांकडे न बघता आईकडे बघतेय. शेवटच्या संध्याकाळी घरची जुनी चादर वाळूवर अंथरून बसलो होतो तेव्हा मावशी आपणहून बोलली.

"ताई, मी दरवर्षी टाळत गेले. मला वाटायचं, घाई काय आहे. तू आहेसच वर."

"मलाही तसंच वाटायचं," आई म्हणाली. "तू आहेसच खाली."

मी दुसरीकडे तोंड केलं. उगाच चहा ओतायला घेतला. त्याच गडबडीत माझ्या हातून थर्मास कलंडला आणि चहा चादरभर झाला. एरवी मावशीनं मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी चादर गुंडाळून मुकाट्यानं घेऊन आली, धुतली आणि दोरीवर टाकली.

"ही वाळली की निघू सकाळी," ती म्हणाली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी तयार. बोचकी गाडीत, हिशेब चुकता, किल्ली हातात. परतीचा रस्ता लांबचा होता, आणि घरी आईचं सामान बांधायचं पडलं होतं. अंगणात गेले तर चादर वाऱ्यावर फडफडत होती. हात लावून बघितला. खडखडीत वाळली होती.

आई बाहेर आली. मावशीसारखीच तिनं कड दोन बोटांत धरली. आयुष्यात तिनं कधी मावशीच्या कामात बोट घातलं नव्हतं.

"अजून ओली आहे," आई म्हणाली.

मी मावशीकडे बघितलं. लग्नाला निघालेल्या नवऱ्यासाठीही जी खोटं बोलली नाही, ती बाई पुढे झाली. तिनं शिवण धरली आणि तांबड्या डोंगरांकडे बघितलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"नाही," ती म्हणाली. "नाही वाळली."

त्या दोघी चादरीच्या सावलीत शेजारी-शेजारी खुर्च्या ओढून बसल्या. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि मालकाला आणखी तीन चहा सांगायला आत गेले.