पांढरं कापड

टेलरमास्तरांची बायको नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा तिच्या कानावर पडलेलं पहिलं भांडण अंगुस्तानावरून होतं. पडद्यापलीकडे सासूबाई लेकाला झापत होत्या.

"अरे, सुई टोचून बोटाची चाळण झालीय. घाल ना ते अंगुस्तान! पितळेचं आहे, चावत नाही."

"आई, बोटाला कापड कळतं. त्याला टोपी घातली की ते बहिरं होतं."

"बोट मग होईल, तू जन्माचाच आहेस!"

नवी नवरी तोंडावर हात धरून हसली. अंगुस्तान सुयांच्या डब्यात पडलं ते तिथेच राहिलं. सासूबाई गेल्या, पोरं आपापल्या संसाराला लागली, मास्तरांचे केस पिकले, तरी.

खाली दुकान, वर घर. मास्तर शिवायचे, ती इस्त्री करायची. शिवलेला कपडा मास्तर स्वतः पोचवायचे, घडी न घालता, हातावर आडवा टाकून. गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट बसला की नाही ते पाहिल्याशिवाय मागे फिरायचे नाहीत.

मग जिना चढताना छातीत आवळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाची नळी अरुंद झालीय, फुग्याने रुंद करून आत जाळी बसवू. आजच्या आज नको, तारीख ठरवून करू.

त्याच सुमारास मास्तरांनी बेकरीवाल्याचं पांढऱ्या कोटांचं कापड परत पाठवलं. "हातात काम फार आहे," म्हणाले. काम कसलं, दोन पँटी तर लोंबत होत्या, एक काळी, एक गडद निळी. तिने काळीवर ओला फडका टाकून इस्त्री फिरवली, तर फडक्यावर तांबूस डाग उमटले.

"अहो, हे काय?"

"रंग जातोय कापडाचा."

काळ्या कापडाचा तांबडा रंग! पण आजारी माणसाशी कुठे हुज्जत घाला, म्हणून तिने फडका धुऊन वाळत घातला.

तारखेच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या प्लेटलेट्स कमी आहेत. जखमेतलं रक्त थांबवतात ना, त्या. जाळी बसवल्यावर मी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देणार. तुमचं रक्त आधीच थांबत नसेल, तर त्या जिवावर बेततील. कुठून रक्त येतं का? हिरड्या, नाक?"

"छे! ठणठणीत आहे मी."

छातीत आवळणारा माणूस म्हणे ठणठणीत! तारीख मोडेल, हातातली सुई सुटेल, ही ह्यांची भीती, हे तिने ओळखलं. आणि तो फडका तिच्या डोळ्यांपुढे आला.

"बाई, हे पांढरं कापड घेईनासे झालेत," ती म्हणाली.

"अगं, इथे कापडाचं काय?" मास्तरांनी तिला अडवलं.

"सुई टोचली की ह्यांचं रक्त थांबत नाही. काळ्यावर दिसत नाही, म्हणून काळंच शिवतात. फडका मी धुतलाय."

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हेर पाळलाय मी घरात."

तारीख मोडलीच. रक्ताच्या डॉक्टरांकडे खेटे घातले, औषधं झाली, प्लेटलेट्स थोड्या वाढल्या. मग मनगटातून नळी घालून जाळी बसवली. गोळ्याही बेताच्याच दिल्या.

"डावं मनगट घ्या हं," मास्तरांनी आत जाताना बजावलं, "उजवं कात्रीचं आहे."

शिवायची परवानगी मिळाली, पण बोट सांभाळायच्या अटीवर. घरी आल्यावर तिने सुयांचा डबा पालथा केला आणि अंगुस्तान त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"बोट बहिरं होतं गं."

"होऊ दे. घरात एक बहिरं आहेच, त्याला सोबत."

पहिले टाके वाकडे पडले. मास्तरांनी ते उसवले आणि पुन्हा घातले. पुढे बरीच वर्षं पांढरं शिवलं त्यांनी.

कपडा पोचवायचा त्यांचा शेवटचा फेरा बेकरीवाल्याकडेच झाला. कोट हातावर आडवा टाकून गेले. त्याला भट्टीसमोर उभं केलं, हात वर करायला लावले, मागून खांदा ओढून पाहिला. "बसली बाही," म्हणाले आणि निघाले. अंगुस्तान बोटातच राहिलंय हे वाटेत लक्षात आलं, तेव्हा ते काढून खिशात टाकलं आणि दुकानात येऊन डब्यात ठेवलं.