खिडकीबाहेरची मुलगी

बाईंना जाऊन दुसरं वर्ष चाललंय, तरी शाळेचा जिना चढताना मी अजून एका बाजूला सरकून चालते. बाईंचे गुडघे दुखायचे. त्या कठडा धरून चढायच्या, म्हणून ती बाजू त्यांची. आता तिथे कोणी नसतं. मुलं धाडधाड उतरत येतात आणि त्या मोकळ्या जागेतून निघून जातात.

बाई आयुष्यभर इतिहास शिकवून रिटायर झाल्या आणि मग त्यांनी परळच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत संस्था काढली. संस्था म्हणजे काय, तर बाई, त्यांच्याच मजल्यावर राहणारी एक नर्स आणि मी. मी गिरगावातली, फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरी करणारी. बाईंनी मला शाळेत शिकवलं होतं. एकदा दादरला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." त्या म्हणाल्या, "मग ये." तेव्हापासून माझे शनिवार त्यांचे झाले.

काम साधं होतं. पाठ्यपुस्तकात बायका पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत असतात आणि चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, असं बाई म्हणायच्या. आम्ही त्या चौकटीतल्या बायका घेऊन शाळाशाळांत जायचो. दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून जाड मांजरपाट आणायचं, त्यावर नर्सबाई रंगांनी चित्रं काढायच्या. पहिल्यांदा शाळेत शिकवायला गेलेल्या, अंगावर शेण झेललेल्या. सुईणी. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या. गिरणीच्या फाटकावर लाटणी घेऊन उभ्या राहिलेल्या. चार मुलं ते कापड धरून उभी राहायची आणि बाई बोलायच्या. त्यांना माइक लागत नसे.

शेवटी मात्र बाई कापड गुंडाळायला सांगायच्या आणि एका अशा मुलीची गोष्ट सांगायच्या जिचं चित्र आमच्याकडे नव्हतं.

ती मुलगी लहानपणी शाळेत बाईंच्या बाकावर बसायची. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी. बाई जवळच्याच, कारकुनांच्या इमारतीतल्या. चौथीपर्यंत वर्गात पहिला नंबर तिचा, दुसरा बाईंचा. ती दोन्ही हातांनी लिहायची. उजवा दमला की खडू डाव्यात. पाचवीत तिला धाकटी बहीण झाली. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. तान्ह्या मुलीला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. आणि मग एके दुपारी बाईंनी मान वळवली तर ती वर्गाच्या मागच्या खिडकीबाहेर उभी. कडेवर बाळ. गुरुजी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते आणि ती आतल्या सगळ्यांपेक्षा लक्ष देऊन बघत होती.

"ती रोज यायची," बाई मुलांना सांगायच्या. "बाळ रडलं की खाली मैदानात जाऊन डोलवायची, गप्प झालं की परत यायची. पुढे हेडमास्तरांनी शिपायाला सांगून तिला हाकललं. मग मला ती पुन्हा दिसली नाही. तिच्या वाटणीचा पहिला नंबर मला मिळाला."

बाई विचारायच्या, "तुमच्या घरात आहे का कोणी अशी? जाऊन विचारा."

बाई त्या मुलीला शोधत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. गिरण्यांच्या संपानंतर चाळीतली कितीतरी घरं उठून गेली, कोणी गावी, कोणी लांबच्या उपनगरात. बाईंनी तिथे जाऊन चौकशी केली होती. कोणाला काही सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी ती गोष्ट मुलांच्या हाती द्यायला सुरुवात केली, कुठून तरी उत्तर येईल म्हणून. परतताना टॅक्सीत त्या कधीकधी मध्येच म्हणायच्या, "आता तिचेही केस पांढरे झाले असतील, नाही का गं?"

अँटॉप हिलच्या एका शाळेत हे घडलं. आम्ही आदल्या आठवड्यात तिथे जाऊन आलो होतो, त्या दिवशी मुलं घरून काय विचारून आली ते ऐकायचं होतं. सहावीतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, बोलताना स्कर्टला हात पुसायची सवय.

"बाई, ती तुमची गोष्ट माझ्या आजीची पण आहे."

बाई हसल्या. "म्हणजे तुझी आजी पण खिडकीबाहेर उभी राहायची?"

"नाही. माझी आजी कडेवर होती."

बाई समोरच्या बाकावर बसल्या. मुलांसाठीचा बुटका बाक, त्यावर त्या कधी बसत नसत, उठता यायचं नाही म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. सरकारी कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मुलाच्या नोकरीतून मिळालेलं. शोकेसवर बुद्धाची मूर्ती, पुढे ताजी पांढरी फुलं. आजी साठीच्या असतील. त्याही सरकारी ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या, नीटनेटक्या, चष्मा दोरीला लावलेला.

"आमची आई हसून सांगायची," आजी म्हणाल्या. "ताईला मला घेऊन शाळेकडे फिरायची भारी खोड होती म्हणे. किती ओरडा खाल्ला तरी तिकडेच. आणि मी पहिला शब्द काय बोलले माहितीये? आई नाही, बाबा नाही. हजर!"

"वर्गात बोललीस तू," बाई म्हणाल्या. "गुरुजी हजेरी घेत होते आणि खिडकीतून आवाज आला. आम्ही सगळे हसलो. तूच गं ती?"

घरात शिरल्यापासून बाई त्यांना 'तुम्ही' म्हणत होत्या. तो 'तू' कधी आला ते दोघींनाही कळलं नाही.

"कुठे असते ती?" बाईंनी विचारलं.

"ताई गेली. खेडच्या बाजूला दिली होती तिला, तिकडेच गेली. कोविडच्या आधी."

बाईंनी मान हलवली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सुनेने पाणी आणून ठेवलं होतं, ते बाईंनी सावकाश सगळं प्यायलं.

नातीने घरी फक्त खिडकी आणि कडेवरचं बाळ एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे आजींना एक गोष्ट अजून कळली नव्हती. त्यांनीच विचारलं, "पण ताई खिडकीबाहेर का? तिचीही शाळा असेल ना तेव्हा?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. पण चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला. त्यांनी जे होतं ते सांगितलं.

आजींनी बाईंचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही गं. तुझी आई कामावर, घरात दुसरं कोणी नाही…"

"एकच झालं ते. मला कोणी सांगितलंच नाही. ताईनेही नाही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटायचं तिला अभ्यासाची आवडच नव्हती. मी तिला तसं बोलले पण आहे."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "एक ऐकाल? ही गोष्ट आता शाळेत सांगू नका. आमच्या घरातली आहे ती."

परतीच्या टॅक्सीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. दादर आलं तेव्हा म्हणाल्या, "लहानपणी मला तिच्या घरी जायची परवानगी नव्हती. पाणी प्यायची तर नाहीच. माझ्या घरचे तसे होते. आज पहिल्यांदा त्या घरचं पाणी प्याले, आणि ती नाही."

पुढच्या शनिवारी लालबागच्या शाळेत बाईंनी शेवटची गोष्ट सांगितली नाही. मला ते पटलं नाही. जिना उतरतानाच मी म्हटलं, "बाई, असं बघितलं तर सगळा इतिहास कोणाच्या ना कोणाच्या घरातलाच असतो."

"असतो," बाई म्हणाल्या. "म्हणून विचारून न्यायचा असतो."

मग एक दिवस आजींचा फोन आला. मला नाही, बाईंना. "ताई लहानपणी कशी होती ते सांगाल का? मला ती मोठीच आठवते."

त्या दोघी दादरला एका उडप्याकडे, वरच्या मजल्यावर भेटू लागल्या. सुरुवातीला बाईंना जिना चढवायला मी सोबत जायची, नंतर मला तिथून उठवत नसे. बाईंकडे दहा वर्षांची ताई होती, आजींकडे त्यापुढची सगळी. बाई सांगायच्या, ती चिंचा दातांनी तोडून अर्धी द्यायची, खो-खोत कोणालाही सापडायची नाही, गुरुजींनी बेरीज चुकवली तर सरळ उठून सांगायची. आजी सांगायच्या, ताई फार कडक होती. मला हाताला धरून शाळेत न्यायची, फाटकाशी सोडून कामावर जायची. गणितात कमी मार्क पडले तर कानाखाली ठेवून द्यायची. दहावीची परीक्षा होती तेव्हा सासरहून येऊन राहिली आणि सेंटरच्या बाहेर उन्हात बसून राहिली.

"पहिला पगार झाला तेव्हा मी तिला हिंदमाताहून साडी घेतली," आजींनी एकदा सांगितलं. "अबोली रंगाची. तिने घडी मोडली नाही. माझ्याच पिशवीत परत घातली आणि म्हणाली, ऑफिसला तूच नेस. किती वर्षं राग होता मला त्या साडीचा. वाटलं, आवडली नसेल."

बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि आजींच्या हातावर ठेवला. समोरच्या कॉफ्या गार झाल्या. त्या वेळी मला वाटलं होतं की या भेटी अशाच चालत राहतील. मी ऑफिसातून सुटून येईन आणि त्या दोघी त्याच टेबलाशी बसलेल्या असतील. आज तिथून जाताना मान वर करून काचेतून बघायचा मोह आवरत नाही.

एका भेटीत आजी आपण होऊन म्हणाल्या, "सांगा आता शाळेत. पण ती बिचारी होती असं सांगू नका. तिला राग यायचा, ते सांगा. आणि मी दहावी झाले ती तिच्यामुळे, तेही सांगा."

बाईंनी गोष्ट तशी सांगितली. परळच्या एका शाळेत, आजींना मागच्या बाकावर बसवून. आधी ती गोष्ट खिडकीपाशी संपायची, आता पुढे चालू लागली होती. एका मुलाने विचारलं, "मग त्यांनी कानाखाली मारलं ते चूक नाही का?" बाई म्हणाल्या, "चूकच. मागे बसल्यात त्यांना विचार." सगळा वर्ग मागे वळला. आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लागायचं खूप," आणि मुलं हसली. आजीही हसल्या. नंतर पदराने डोळे पुसत कितीतरी वेळ हसत होत्या.

त्याच वर्षी बाई आजारी पडल्या. परळच्याच हॉस्पिटलात होत्या. आमच्या नर्सबाई ड्यूटी संपवून त्यांच्यापाशी बसायच्या, मी संध्याकाळी जायची. शेवटी शेवटी त्या फार बोलत नव्हत्या. एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "ती आली का गं?"

त्या दिवशी सकाळी आजी येऊन गेल्या होत्या. बाई त्यांच्याबद्दल विचारत होत्या की दुसऱ्या कोणाबद्दल, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "येतेय." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

संस्था चालू आहे. परळच्या खोलीला कुलूप लागलं, कापडं आता माझ्या गिरगावच्या घरी पलंगाखाली असतात. नर्सबाई नवी चित्रं काढतात. बोलायचं काम माझ्याकडे आलंय. मला माइक लागतो. मध्येच एखादं वाक्य बाईंच्याच सुरात निघतं, तेव्हा क्षणभर थांबावं लागतं.

आजी कधीकधी शाळेत येतात. परवा वर्ग झाल्यावर आम्ही बसस्टॉपवर उभ्या होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलल्या का हो बाई?" मी हॉस्पिटलातलं ते सांगितलं. तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

आजींनी रस्त्याकडे बघत थोडा विचार केला. "ताईबद्दलच विचारत असणार," त्या म्हणाल्या. "मी तर सकाळीच येऊन गेले होते."

त्यांची बस आली. त्या चढल्या, बसायला जागा मिळाली का ते मी बाहेरून बघितलं. मिळाली होती.