बोटावरचं ऑइल

पोलादपूरच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक गिअर ऑइल कधी बदलायचं ते किलोमीटर बघून ठरवत नाही. "गाडीचं पुस्तक लिवणारा आंबेनळी घाट चढलाय काय?" म्हणतो, आणि थोडं ऑइल काढून, डोळे मिटून दोन बोटांत चोळत बसतो.

परवा चोळता चोळता थांबला. "लोखंडाचा चुरा लागतोय. गिअर खरडलेत कोनीतरी. हा हात तुमचा नाय. घरात कोनतरी गाडी शिकतंय."

मी हसलोच. माझ्या गाडीला दुसरं कोणी हात लावत नाही, असं ठणकावून सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, "पन घरी जाऊन ओरडू नका."

संध्याकाळी बायकोला सहज विचारलं. भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऑइलने," मी म्हणालो.