वैकुंठरथ आणि लाल दिवा

अख्ख्या यवतमाळात लाल दिव्याला थांबणारा एकच माणूस मला माहीत आहे, वैकुंठरथाचा ड्रायव्हर. गाडी रिकामी असली तरी तो इंजिन बंद करतो आणि उरलेले सेकंद तोंडातल्या तोंडात मोजतो. मागून हॉर्न वाजले, की खिडकीतून नुसतं दिव्याकडे बोट दाखवतो.

माझ्या काकांना नेतानाही तो थांबला. अग्नीचं मडकं घेऊन पुढे चालणारा चुलतभाऊ तोवर चौक ओलांडून गेला होता. तो चिडून परत आला.

"काहून थांबला गा?"

"भाऊ, गेलेल्याले कायची घाई? तुम्ही बी पट्ट्याच्या मांगं उभे राहा."

मडकं सांभाळत भाऊ पांढऱ्या पट्ट्यामागे उभा राहिला.

काकांना सिग्नलला थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.