साचेखात्यातले कान

लुत्सिना डॉक्टर होती, पण तिच्याकडे कोणी औषधाला येत नसे. पोलंडमधल्या वूच शहरातल्या कानाच्या संशोधन संस्थेत तिचं काम मोजण्याचं. कुणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही. त्यातही तिने आयुष्य घातलं ते एकाच तऱ्हेच्या कानांवर: कापडगिरण्यांच्या साचेखात्यात, विणकामाच्या मागांवर, जन्म काढलेल्या बायकांच्या. तिची आई गेनोव्हेफा त्यांतलीच.

तपासणीच्या यंत्राची शिट्टी या बायकांना जवळजवळ ऐकूच येत नसे. पण लुत्सिना काचेच्या खिडकीपलीकडे बसून मायक्रोफोनमध्ये एकेक शब्द म्हणे – मीठ, दार, बर्फ – तेव्हा आतली बाई तो धडाधड परत म्हणून दाखवी. संस्थेकडे शब्दांची टेप होती. पण त्या टेपवरचा माणूस नाकात बोलतो, अशी बायकांची तक्रार. म्हणून लुत्सिना स्वतःच बोलायची. यावरून तिने सिद्धान्त मांडला की गोंगाटात मुरलेला मेंदू उरल्यासुरल्या आवाजातूनही शब्द शोधून काढतो. तिचं नाव झालं, परदेशांतून बोलावणी आली. मग गिरणीकामगारांच्या वैद्यकीय मंडळाने तोच सिद्धान्त पुढे करून बायकांना बहिरेपणाचे दाखले नाकारायला सुरुवात केली. बोललेलं कळतं ना, मग बहिऱ्या कशा? दाखला नाही म्हणजे कानाचं यंत्रही नाही. लुत्सिनाला ते टोचायचं, पण तपासणी तर तिने स्वतः केली होती.

फेब्रुवारीत तिला फ्लू झाला. रजा टाकायची सोडून ती तोंडाला मास्क बांधून कामावर आली. आत पेलागिया नावाची म्हातारी विणकरीण बसली होती. लुत्सिनाने पहिला शब्द म्हटला. पेलागिया नुसती बघत राहिली. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

"डॉक्टरीणबाई," शेवटी पेलागियाच म्हणाली, "ते तोंडावरचं फडकं काढा बघू आधी. ते असताना ऐकू कसं येणार?"

लुत्सिनाने मास्क खाली ओढला. मायक्रोफोन बंद केला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

"मीठ," पेलागिया म्हणाली. "हं, आता कसं."

संध्याकाळी लुत्सिना आईकडे गेली. गेनोव्हेफा पाठमोरी बसून बटाटे सोलत होती. शेगडीवर आंबट पिठाचं सूप उकळत होतं. दारातूनच लुत्सिना म्हणाली, "आई, घराला आग लागलीय."

साल न तुटता सुरीखालून खाली उतरत राहिली.

पातेलं ढवळायला गेनोव्हेफा उठली तेव्हा तिला लेक दिसली. "अगं बाई, केवढी दबकत येतेस! मांजर आहेस का?"

"आई, तुला ऐकू येत नाही."

गेनोव्हेफाने चमचा खाली ठेवला. "तू शाळेत जायला लागलीस, तोवर गेलंच होतं की."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? साचेखात्यात सगळ्याच तशा. त्या खडखडाटात आम्ही ओठांवरूनच बोलायचो. मुकादमाला त्याच्या देखत शिव्या द्यायचो, मेल्याला पत्ता नसायचा." ती हसली, मग थांबली. "पण एखादीचे कान गेले हे वर कळलं, की तिला साच्यावरून काढून हातात झाडू द्यायचे. म्हणून बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यातच शिकवायच्या जुन्या बायका."

"मी काय मुकादम होते?"

"तू काचेमागे कागद घेऊन बसायचीस. शब्द बरोबर आला की तुझा चेहरा असा फुलायचा! पेलागिया सगळ्यांना सांगायची, गेनोव्हेफाची पोर खूश होते, तिच्या तोंडाकडे नीट बघत जा गं."

लुत्सिना खिडकीकडे वळली. "मला आता जाऊन सांगावं लागेल, की मी चुकले. सगळंच."

गेनोव्हेफाने तिचा दंड धरून तिला वळवलं. "इकडे बघून बोल."

लुत्सिनाने तेच पुन्हा सांगितलं.

"मग तुझं काय होईल?"

"नाव जाईल. कदाचित नोकरीही."

"मग नको सांगूस. आम्ही आता कितीशा उरलो? यंत्रं लावून कोणाचं काय ऐकणार?"

"पेलागियाला नातवंडं आहेत, आई."

गेनोव्हेफाने सूप वाढलं. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. लेकीने तोंड उघडलं की आईची नजर ताटावरून उठायची. लुत्सिनाच्या याचं खरं कारण पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. तिला वाटायचं, आईचा आपल्यावर जीव आहे.

पुढच्या सोमवारी तिने काचेच्या चौकटीवर जाड कापड ठोकलं. मंडळापुढे जायचं तर सगळ्या बायका नव्याने तपासायला हव्या होत्या. बोलावलं नसताना पहिली आली ती गेनोव्हेफा, चर्चला जाताना घालते तो कोट घालून. "सुरुवात माझ्यापासून कर," ती म्हणाली. "बाकीच्यांना जरा लाज कमी वाटेल." आणि आत जाऊन बसली.

लुत्सिनाने दार लावलं. आवाज शक्य तेवढा मोठा केला आणि एकेक शब्द म्हणत गेली. मध्ये थांबायची, वाट बघायची, फुली मारायची. पलीकडून फक्त कोटाची सळसळ यायची. पान भरलं, शेवटची फुलीही मारून झाली.

तेवढ्यात कानावरच्या हेडफोनात आईचा आवाज आला. "लुत्सिना, अगं सुरू कर की. या कोटात उकडतंय मला."