व्हिसाच्या आधी निघालेला सेमिसी

आमचा शेजारी सेमिसी मूळचा टोंगाचा, पण फिजीत, सुवामध्ये येऊन त्याला अकरा वर्षं झाली. गोदीत वेल्डिंग करतो. माणूस एवढा अवाढव्य की कुंपणाशी उभा राहिला तर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सावली पडते. आवाज मात्र इतका बारीक, की त्याचं बोलणं ऐकायला कुंपणावर झुकावं लागतं. मी तशीही झुकतेच म्हणा.

ब्रिस्बेनच्या एका कारखान्यानं त्याला नोकरी देऊ केली. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नंतर दुसरा माणूस घेऊ, असं कळवलं. आता टोंगाचा माणूस फिजीत बसून ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मागणार, म्हणजे दोन देशांच्या पोलिसांनी त्याला सज्जन ठरवायचं! अर्जात दहा वर्षांतले सगळे परदेश प्रवास कारणांसकट विचारले होते. सेमिसीनं इमानदारीत लिहिलं: मयत, मयत, लग्न, मयत. एकूण तेवीस मयती. तिकडून उलट विचारणा आली, की आपण अंत्यविधीचा व्यवसाय करता काय?

"लिहा, नातेवाईक फार आहेत," त्याची बायको मेलेनाइते म्हणाली.

तेही उत्तर गेलं आणि सेमिसीनं एकच चूक केली. आमच्या पाद्रीबाबांना म्हणाला, "जरा प्रार्थना करा." पाद्रीबाबांनी रविवारी भर चर्चमध्ये प्रार्थना केली. आमच्याकडे ज्याच्यासाठी एवढ्या मोठ्यानं प्रार्थना झाली, त्याचं काम झालंच समजतात. गायकवृंदाची प्रमुख अकेनेता तिथेच उठून म्हणाली, "निरोप समारंभ येत्या शनिवारी."

"अहो अकेनेताताई, व्हिसा आलेला नाही अजून," सेमिसी म्हणाला.

"व्हिसा कधीही येईल रे. आमच्या गाणाऱ्या बायका पुढचे दोन महिने मोकळ्या नाहीत."

झालं. शनिवारी जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजलं. अळूचे कंद, मासे, झिंग आणणाऱ्या यांगोना पेयाची परातीएवढी वाटी. सहा भाषणं झाली. मी स्वतः विणलेली चटई दिली आणि इतकी रडले, की मलाच माझं कौतुक वाटलं.

सोमवारी सकाळी बघते, तर सेमिसी अंगणात दात घासतोय.

आता आली का पंचाईत! निरोपाच्या चटया घेऊन माणूस गावातच राहिला, तर तोंड कुठे दाखवणार? मेलेनाइतेनं त्याला आत ओढलं. तेव्हापासून तो गोदीत जाताना चेहऱ्यासमोर छत्री धरून मागच्या ओढ्याकाठानं जायला लागला. छत्रीच्या दोन्ही बाजूंनी सेमिसी दिसायचा. पण आमचे लोक सभ्य. गेला म्हणजे गेला. समोर आलाच, तर मी मोठ्यानं म्हणायची, "काय सेमिसीचे भाऊ, निघालात कामाला?"

"हो ताई," छत्री म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यात अर्जातला पत्ता तपासायला व्हिसा कचेरीतली एक किडकिडीत मुलगी आली. नेमकी आधी माझ्याच दारात.

"सेमिसी लोलोहेआ इथेच राहतात ना?"

"राहायचा. गेला ना ऑस्ट्रेलियाला!" मी म्हटलं. "काय निरोप दिला त्याला! थांब, फोटो दाखवते."

सहा घरांनी हेच सांगितलं. तेवढ्यात ओढ्याकडून छत्री आली.

"हे कोण?"

"त्याचा भाऊ."

पडद्याआड मेलेनाइते कपाळ बडवून घेत होती म्हणे. चारच दिवसांत पत्र आलं: आपण व्हिसाशिवाय ऑस्ट्रेलियात कसे राहता, याचा सात दिवसांत खुलासा करा. फेरतपासणी होईल.

सेमिसी पत्र घेऊन कुंपणाशी आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मला न झुकता ऐकू आला. "ताई, दोन वर्षं कागद जमवतोय. आता तरी मला इथे राहू द्या!"

मी तडक पाद्रीबाबांकडे गेले. "सेमिसी इथेच आहे, असं सगळ्यांनी सांगायला हवं."

"पण आपण निरोप दिलाय," ते विचारात पडले. "मग तो परत आल्याशिवाय इथे कसा असेल?"

म्हणून शनिवारी त्याच्या परत येण्याचं स्वागत झालं. दुसरं डुक्कर. सेमिसीला ओढ्यापलीकडे नेऊन उभा केला, तिथून वाजतगाजत आणला. गायकवृंद येऊ शकला नाही; अकेनेता एकटीच गायली आणि तीही रुसूनच.

मंगळवारी ती मुलगी पुन्हा आली. सेमिसीनं स्वतः दार उघडलं. तिनं फोटो पाहिला, त्याला पाहिलं, मला पाहिलं.

"मागच्या वेळी हे भाऊ होते."

पाद्रीबाबा पुढे झाले. "हाच सेमिसी. शनिवारी परत आला."

"कुठून?"

सगळ्या गल्लीनं ओढ्याकडे पाहिलं.

"ओढ्यापलीकडून," सेमिसी म्हणाला. "मी कुठे गेलोच नव्हतो, बाई. यांनी मला आधीच निरोप दिला. लाजेनं लपून बसलो होतो."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "माझ्या आईनंही माझ्या मावशीला असाच निरोप दिला होता," ती म्हणाली. "मावशी तीन महिने न्हाणीघरातून बोलायची." मग तिनं लिहिलं, 'अर्जदार पत्त्यावर आढळला.'

महिना संपायला तीन दिवस असताना व्हिसा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात टॅक्सी, दोन पिशव्या आणि चोरपावलांनी चालणारा तो डोंगर. मी कपडे वाळत घालत होते. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली आणि कोणालाही काही बोलले नाही, चांगलं विमान उडेपर्यंत.