सुईखालची पट्टी

बॅगांच्या चेनी दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक चेनवाले म्हणणार, याला इलाज नाही. चेनवाल्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक माणूस आणि एक शिलाईचं मशीन बसलं की दुकान भरलं. तिथे त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली आणि हातापेक्षा तोंडासाठी जास्त नाव कमावलं. "ही टिकायची नाही, उगाच लावून घेऊ नका," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. "गिऱ्हाईक दारातून परत पाठवायचा धंदा जगात तुम्ही एकट्यानेच काढलाय," असं बायको म्हणायची.

मुलगी मात्र आईच्या वळणावर गेली होती. सहाव्या वर्षी स्टुलावर बसून ती लोकांना "उद्या या, आज बाबांना वेळ नाही," म्हणून सांगायची, आणि बाबा शेजारी जांभया देत असायचे. तेव्हापासून तिचं नाव मालकीण. आता शाळा संपली होती आणि मालकिणीला स्वतःच्या बॅगांचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी धंदा शिकवणारं कॉलेज हवं, आणि तिथे स्वतः शिवून बघायला कार्यशाळाही हवी. अशी कॉलेजं दोनच होती. एक अकरा तासांवर, दुसरं घरापासून बसने वीस मिनिटांवर.

चेनवाल्यांना हे जवळचं हवं होतं. इतकं हवं होतं, की ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज दुपारी चार वाजता मालकीण दुकानात यायची, त्यांच्या सुया ओवून ठेवायची आणि तेवढ्यात साऱ्या जगाची उणीदुणी काढायची. ते चार वाजणं बंद झालं तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात दूरचं कॉलेज बघून झालं. तिथल्या कार्यशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर धाग्यांची गुंतवळ, डब्यात मोडक्या सुयांचा खच, आणि एक मुलगी अडलेल्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मालकिणीने नाक मुरडलं. चेनवाले मनातल्या मनात मांडे खात परत आले.

आज जवळचं. दोन्हींचा फॉर्म एकच होता. त्यावर पहिली पसंती लिहून आजच चारच्या आत इथल्याच खिडकीवर द्यायचा होता. कॉलेज दाखवणाऱ्या मॅडमनी कार्यशाळेचं दार उघडलं आणि मालकीण उंबऱ्यावरच थबकली. फरशीत चेहरा दिसत होता. दहा मशीनं रांगेत, दहाही चकचकीत.

"बाबा, हेच. लिहू?"

"लिही ना," अगदी ओठांवर आलं होतं. पण हाताला अठ्ठावीस वर्षांची सवय. त्याने तेवढ्यात मशीनची सुईखालची पट्टी सरकवलीसुद्धा. आत धुतल्या ताटासारखं स्वच्छ. चेनवाल्यांनी दुसऱ्या मशीनची पट्टी सरकवली, मग तिसऱ्याची. चालत्या मशीनच्या पट्टीखाली धाग्याचा भुसा साठतोच. घरात माणसं असली की केर होतो, तसा.

"मशीनं कधीची, मॅडम?"

"चार वर्षं झाली. पण कशी ठेवलीत बघा," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "मुलांच्या हाती दिली की लगेच बिघडतात हो."

मालकिणीने पेनाचं टोपण काढलं. चेनवाल्यांनी पट्टी परत बसवली. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंच काम, आणि पुढची तीन वर्षं रोज चार वाजणार होते. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग खाकरले आणि पट्टी पुन्हा सरकवली.

"थांब. इकडे ये. इथे बोट घाल."

तिने घातलं, काढलं, बघितलं. "काहीच नाही लागलं."

"तेच दाखवतोय."

"चार वर्षांत?"

"चार वर्षांत."

दुरुस्तीवाल्याच्या पोरीला याहून जास्त सांगावं लागत नाही. तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तो तिकडचा उकिरडा बरा?"

"चालता कारखाना तसाच दिसतो गं."

"पण तुम्हाला तर हे जवळचं..."

"मी म्हटलं कधी?"

"म्हणायला कशाला हवं? गेल्या आठवड्यात येताना सगळ्या वाटेने शीळ घालत होतात."

चेनवाले पकडले गेले. "माझं सोड," ते म्हणाले. "तुला शिवायचंय ना? मग सुया मोडतात तिथे जा."

तिने लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी वडिलांची सही मागितली. सहीला इतका वेळ लागला, की बाई म्हणाल्या, "काका, नाव फार मोठं आहे का?"

"नाव लहानच आहे. पेन नवीन आहे."

बाहेर बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. मालकीण हॉस्टेलबद्दल बोलत होती. चेनवाल्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सुट्टी किती वेळा देतात म्हणे?"

"दोनदा."

"वर्षातून?"

"नाहीतर काय आठवड्यातून?"

बस आली. चेनवाले उठले नाहीत. "ही भरलेली दिसते," म्हणाले. आत सात-आठ माणसं होती. मालकिणीने बसकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि बसून राहिली.

वीस मिनिटांनी दुसरी आली.

"ही पण भरलीय का, बाबा?"

"हो गं. पाय ठेवायला जागा नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन तिने सकाळी रांगेत पुढे घुसलेल्या एका बाईची उणीदुणी काढायला सुरुवात केली.